विनोदी कुंग फू चित्रपट आजही का पाहवतात?

उंबरठा (धागाकर्ता)

चौदा वर्षांच्या पुतण्याबरोबर परवा ‘ड्रंकन मास्टर’ हा १९७८ सालचा हाँगकाँगचा चित्रपट पुन्हा पाहिला. तो खदखदून हसला ती जागा संवादाची नव्हतीच. आडव्या दांड्याला पाय अडकवून जॅकी चॅन उलटा लटकलेला आहे, खाली पाणी आहे आणि हातांत चिमुकले पेले आहेत. खालचे पाणी पेल्यापेल्याने वर नेऊन ओतायचे, म्हणजे दर खेपेला निव्वळ पोटाच्या बळावर अर्धे अंग उचलायचे! शिक्षा आहे, व्यायाम आहे आणि विनोदही आहे. यांतले एक काढले तर बाकीचे दोन उरत नाहीत.

माझे म्हणणे एवढेच आहे की, हे चित्रपट टिकले ते त्यांत मारामारी आणि विनोद ही दोन वेगळी खाती नसल्यामुळे. जुलै १९७३ मध्ये ब्रूस ली गेला आणि निर्माते त्याच्या प्रतिकृती शोधत सुटले. लो वेई या दिग्दर्शकाने चॅनलाही १९७६ मध्ये त्याच साच्यात घालून पाहिले. ते जमले नाही. मग एका छोट्या कंपनीने त्याला लो वेईकडून उसना घेतला आणि युएन वू-पिंग या नवख्या दिग्दर्शकाने एकाच वर्षात त्याचे दोन चित्रपट केले, ‘ड्रंकन मास्टर’ त्यांतलाच. त्यांतला नायक भुकेला, आळशी आणि वेळ येताच पळ काढणारा आहे. ब्रूस लीच्या ठोशाने समोरचा कोसळत असे. चॅनने ठोसा मारला की आधी त्याचाच हात झिणझिणतो. अजिंक्य वीराचे कौतुक करता येते, पण जीव अडकतो तो हात झटकणाऱ्या माणसात.

तिरकस

पुतण्या एका प्रसंगाला हसला, एवढ्यावरून चित्रपट टिकला असे ठरत नाही. कथा आठवून पाहा: उनाड शिष्य, विक्षिप्त म्हातारा गुरू, अपमान, सराव, विजय. त्या एकाच साच्यातून किती चित्रपट पाडले गेले! वेडीवाकडी तोंडे आणि जेवणाच्या टेबलावरची हाणामारी वगळली, तर बहुतेकांत पाहण्यासारखे काही उरत नाही. आमच्या गावात व्हिडिओ पार्लरमध्ये दोन रुपयांत, गोणपाटावर बसून हे पाहिलेले आहे. आज जे आवडते ते त्या गोणपाटावरचे वय आहे, चित्रपट नव्हे.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. चॅन आणि त्याच्यासारखेच मारधाडपटांतले नट सामो हुंग व युएन बियाओ, हे तिघेही यू जिम-युएन यांच्या पीकिंग ऑपेराच्या, म्हणजे गाणे, अभिनय आणि कसरती एकत्र असलेल्या पारंपरिक चिनी नाट्याच्या शाळेत घडले. चॅन तिथे सातव्या वर्षी, दहा वर्षांच्या करारावर दाखल झाला. पहाटेपासून रात्रीपर्यंत सराव, तासन्‌तास हातांवर उभे राहणे आणि चुकले की छडी, अशी तिथली शिस्त होती. ज्या लवचिकतेला आपण कला म्हणून टाळ्या देतो, ती पोरांच्या पाठीवर वळ उठवून मिळवलेली आहे. आणि पडद्यावर पुन्हा तोच छळ गंमत म्हणून दाखवला जातो, हे मला पचत नाही.

रानजाई

‘तिरकस’ यांच्या पहिल्या मुद्द्याशी मी सहमत नाही, पण मला खटकते ते वेगळेच आहे. ‘ड्रंकन मास्टर’मध्ये चिनी दंतकथांतल्या आठ सिद्धांच्या नावाचे, झिंगल्यासारखे लढण्याचे आठ प्रकार शिकायचे असतात. त्यांतला आठवा, हो नावाच्या देवीचा, नायक बायकी समजून शिकतच नाही. शेवटच्या लढाईत तो कंबर हलवत, हातवारे करत त्याच प्रकाराचा आव आणतो, आणि प्रेक्षकाने हसायचे ते त्याच्या बायकी चाळ्यांना. पन्नास वर्षांनंतर हे निरागस वाटत नाही.

उंबरठा

रानजाई, प्रसंग तुम्ही अचूक सांगितलात, फक्त तो पुढे कसा वळतो ते राहिले. ह्वांग जांग-लीने रंगवलेल्या खलनायकासमोर सातही प्रकार अपुरे पडतात आणि जिंकण्यासाठी नेमका तोच हेटाळलेला प्रकार ऐनवेळी स्वतःच्या बुद्धीने उभा करावा लागतो. आळस आणि ताठा या दोन्हींची ती किंमत आहे. हसण्यात कुचेष्टा मिसळलेली आहे, हे मात्र नाकारत नाही.

त्याच परंपरेत दिग्दर्शक लाऊ कार-लेउंग यांचा १९८१चा ‘माय यंग आँटी’ आहे. मालमत्ता लोभी भावाच्या हाती पडू नये म्हणून एक तरुणी मरणासन्न वृद्धाशी लग्न करते आणि त्यामुळे नवऱ्याच्या प्रौढ पुतण्याची वडीलधारी नातलग होते. वयाने लेकीएवढी, पण मानाने मोठी. तेव्हा नमस्कार कुणी कुणाला करायचा? एकत्र कुटुंबात वाढलेल्या मराठी माणसाला हा पेच समजावून सांगावा लागत नाही. या भूमिकेसाठी कारा हुई हिला १९८२ मध्ये हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच सोहळ्यात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला.

छडीबद्दल ‘तिरकस’ यांना माझ्याकडे उत्तर नाही. एवढेच सांगतो की त्या शिष्यांनी ती लपवली नाही. त्या शाळेवरच्या १९८८च्या चित्रपटात सामो हुंगने स्वतःच्याच गुरूची भूमिका केली.

तिरकस

शिष्यानेच गुरू रंगवायचा म्हटल्यावर छडी कितीशी जोरात पडणार? ती कृतज्ञता आहे, साक्ष नव्हे.

खारा वारा

आपण सगळे अर्धाच चित्रपट पाहून भांडत आहोत, असे मला वाटते. त्या काळी हाँगकाँगमध्ये चित्रीकरण बहुधा आवाजाविना होई आणि संवाद मागाहून भरले जात. सत्तरीच्या सुरुवातीला पडद्यावर मँडरिनचे, म्हणजे चीनच्या प्रमाणभाषेचे राज्य होते. १९७३ नंतर, विशेषतः मायकेल हुईच्या विनोदी चित्रपटांमुळे, बाजारात आणि चाळीत बोलली जाणारी कँटोनीज ही स्थानिक बोली परतली. त्या बोलीतल्या कोट्या, शिव्या आणि टोमणे इंग्रजी किंवा हिंदी डबिंगमध्ये धुऊन निघाले आहेत.

शिवाय ‘ड्रंकन मास्टर’मधला तो उनाड पोरगा म्हणजे वाँग फेई-हुंग, दक्षिण चीनमधला खराखुरा वैद्य आणि मल्ल. १९४९ पासून क्वान तक-हिंग या नटाने डझनावारी चित्रपटांत त्याला संयमी, सदाचारी गुरू म्हणून उभे केले होते. अशा पूज्य पुरुषाला पोरवयात फुकट जेवून पळताना पाहणे, हा तिथल्या प्रेक्षकासाठी मूळ विनोद होता. आपल्यापर्यंत पोहोचते ती फक्त शरीराची भाषा. तेवढ्यावरही चित्रपट उभा राहतो, हे मात्र ‘तिरकस’ यांच्या आठवणींच्या सिद्धान्तात बसत नाही. पुतण्याने कुठे गोणपाट पाहिले आहे?

तिरकस

पुतण्याचा मुद्दा मान्य. कसब खरे आहे, हे मी नाकारलेलेच नव्हते. माझा प्रश्न त्याच्या किमतीचा आहे. १९८३च्या ‘प्रोजेक्ट ए’मध्ये चॅन घड्याळाच्या मनोऱ्यावरून दोन कापडी छतांमधून जमिनीवर आदळतो. १९२३ मध्ये मूकपटांतला अमेरिकन विनोदी नट हॅरोल्ड लॉइड घड्याळाच्या काट्याला लोंबकळला, त्याला ही मानवंदना आहे असे रसिक सांगतात. पण लॉइड खाली आदळत नाही. चित्रपटात ती पडझड एकदा दाखवून भागत नाही, दुसऱ्यांदाही दाखवतात, आणि शेवटी फसलेले प्रयत्न जोडलेले आहेत, त्यांत माणसे खरोखर कळवळताना दिसतात. तो शेवट तुमच्या पुतण्याला दाखवा आणि तो हसतो का ते प्रामाणिकपणे लिहा.

उंबरठा

काल दाखवला. पहिल्यांदा हसला. मग रिमोट घेऊन मागे नेले, मान जमिनीवर आदळते ती जागा पुन्हा लावली आणि गप्प बसला. थोड्या वेळाने म्हणाला, “काका, उद्या दुसरा लावूया का यांचाच?”