पंधरा घटक जुळले म्हणजे नेमके काय जुळले? मॅडलिन मॅकॅन प्रकरणातील डीएनए आणि श्वानांविषयी

सदाफुली

गेल्या रविवारी आमच्या घरी जेवणे आटोपल्यावर मॅडलिन मॅकॅन प्रकरणावरून जो वाद सुरू झाला तो रात्री साडेअकरापर्यंत मिटला नाही, म्हणून येथे विचारते आहे. ज्यांना प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावरील प्राया द लूझ या गावी सुट्टीला आलेल्या एका ब्रिटिश डॉक्टर दांपत्याची मुलगी ३ मे २००७ च्या रात्री पर्यटक-निवासातील ५अ क्रमांकाच्या घरातून नाहीशी झाली. तिचा चौथा वाढदिवस नऊ दिवसांवर आला होता. दोन वर्षांची जुळी भावंडे त्याच खोलीत झोपलेली होती, आणि आईवडील जवळच्याच उपाहारगृहात मित्रमंडळींबरोबर जेवत असून अधूनमधून घरी येऊन मुलांना पाहून जात होते. तिचा आजतागायत पत्ता लागलेला नाही आणि या गुन्ह्यासाठी कोणावरही खटला उभा राहिलेला नाही.

माझ्या दिरांचे म्हणणे असे की, घटनेनंतर २४ दिवसांनी आईवडिलांनी भाड्याने घेतलेल्या मोटारीच्या डिकीत मुलीचा डीएनए सापडला, १९ पैकी १५ घटक जुळले, म्हणजे जवळजवळ ७९ टक्के, आणि शिवाय प्रेताचा वास ओळखणारा कुत्रा त्याच मोटारीपाशी भुंकला. मग आणखी काय हवे? ‘७९ टक्क्यांना तर विशेष प्रावीण्य मिळते,’ हे त्यांचे शेवटचे वाक्य होते आणि त्यावर सगळे हसले. मला ते पटले नाही, पण का पटले नाही हे सांगता येईना. येथे कोणी या क्षेत्रातील असल्यास कृपया समजावून सांगावे.

पिंपळपान

मी काही वर्षे एका प्रयोगशाळेत डीएनए तपासणीचे काम केले आहे. या प्रकरणाशी माझा अर्थातच काही संबंध नाही, परंतु ज्या अहवालावरून हा १५ आणि १९ चा आकडा जगभर पसरला तो आता सार्वजनिक आहे आणि तो मी एकदा नव्हे, अनेकदा वाचला आहे.

आधी १९ कोठून आले ते पाहू. त्या काळी ब्रिटनमध्ये प्रचलित असलेल्या पद्धतीत डीएनएवरील दहा स्थाने तपासली जात. प्रत्येक स्थानी माणसाकडे दोन घटक असतात, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून. म्हणजे एकूण २० घटक, आणि यंत्रातून निघणाऱ्या आलेखावर त्यांची २० शिखरे दिसायला हवीत. मॅडलिनला एका स्थानी आई आणि वडील या दोघांकडून एकच घटक मिळाला होता, म्हणून तेथे दोन शिखरांऐवजी एकच उमटले आणि आकडा १९ झाला. येथवर काही गूढ नाही.

दिरांना आता हे विचारा की, डिकीतील त्या नमुन्यात एकूण किती घटक सापडले होते? उत्तर आहे ३७. एका माणसाचे जास्तीत जास्त २० घटक असू शकतात, तेव्हा ३७ याचा सरळ अर्थ असा की तो नमुना एका व्यक्तीचा नव्हता. तो नमुना तपासणाऱ्या बर्मिंगहॅमच्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञाने ३ सप्टेंबर २००७ च्या पत्रात स्पष्ट लिहिले होते की, त्यात किमान तीन आणि कदाचित पाच जणांचे अंश मिसळलेले आहेत. एका टोपलीत तीन-चार घरांची भाजी ओतली आणि त्यात आपल्या यादीतील १९ पैकी १५ जिन्नस सापडले, तर ती टोपली आपलीच होती असे म्हणता येत नाही. त्याच पत्रात पुढे असेही आहे की, ‘मॅडलिनचे काही घटक आमच्या प्रयोगशाळेतील अनेक शास्त्रज्ञांमध्येही आढळतात, आणि त्यात मीही आलो.’ सुटा घटक कोणाच्याच मालकीचा नसतो. ओळख पटते ती १९ घटकांच्या विशिष्ट जुळणीवरून, आणि मिश्रणात कोणता घटक कोणाचा हेच कळत नसल्याने ती जुळणी मांडता येत नाही. म्हणूनच हा निकाल अर्थ लावण्यासाठी फार गुंतागुंतीचा आहे, असे मत त्यांनी नोंदवले.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी वर्तमानपत्रांनी क्वचितच सांगितली. मुलीचा प्रत्येक घटक एकतर आईकडून आलेला असतो किंवा वडिलांकडून. ती मोटार आईवडील रोज वापरत होते आणि जुळी भावंडेही तिच्यात बसत होती. समजा, त्या डिकीत केवळ आईचा आणि वडिलांचा डीएनए पुरेशा प्रमाणात मिसळलेला असता, तर मुलीचे १५ नव्हे, सगळेच्या सगळे १९ घटक त्यात दिसले असते, मुलगी त्या मोटारीत कधी पाऊल न ठेवताही. त्यामुळे ७९ टक्के हा आकडा कशाचीच टक्केवारी नाही. शिवाय ही चाचणी अत्यंत अल्प नमुन्यावर करावयाच्या प्रकारची होती, जीत डीएनएच्या प्रती काढण्याची आवर्तने नेहमीच्या २८ ऐवजी ३४ केली जातात. त्यामुळे भरकटून आलेला कणही वाढून दिसतो आणि खरा घटक गळूही शकतो. हेच तंत्र त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उत्तर आयर्लंडमधील ओमा बॉम्बस्फोटाच्या खटल्यात न्यायाधीशांच्या टीकेचा विषय झाले आणि काही काळ त्याचा वापर थांबवण्यात आला. पुढच्या वर्षीच्या परीक्षणात तंत्र वापरण्याजोगे असल्याचा निर्वाळा मिळाला, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. दोष तंत्राचा कमी आणि त्याच्या निकालातून हवे ते वाचणाऱ्यांचा अधिक.

कोरडा_ओढा

पिंपळपान यांचे विवेचन उत्तम आहे, परंतु ते डीएनएपुरतेच थांबते. श्वानांचे काय? जुलैच्या अखेरीस ब्रिटनमधून दोन स्पॅनियल आणले गेले, एक प्रेताचा गंध ओळखणारा आणि दुसरी केवळ मानवी रक्त दाखवणारी. दोघांनी ५अ मध्ये इशारा दिला. भूमिगत वाहनतळात दहा मोटारी उभ्या करण्यात आल्या होत्या आणि कुत्रा नेमका मॅकॅन कुटुंबाच्या मोटारीपाशी थांबला, त्याचे चित्रण उपलब्ध आहे. कुत्र्याला कोणाशी वैर नसते. त्यात आईने चौकशीत ४८ प्रश्नांची उत्तरे द्यायला नकार दिला. मुलगी हरवलेली असताना कोणती आई गप्प बसेल? मी कोणाला गुन्हेगार ठरवत नाही, पण आगीशिवाय धूर निघत नाही एवढेच म्हणतो.

उभयपक्षी

वकिलीचा व्यवसाय असल्याने धूर आणि आग यांच्या हिशेबाची सवय आहे, म्हणून दोन्ही मुद्द्यांवर लिहितो.

श्वानांचे चित्रण मीही पाहिले आहे. त्या श्वानांच्या प्रशिक्षकाचा स्वतःचा अहवाल मात्र फार थोड्यांनी वाचलेला दिसतो. इशाऱ्याला दुसऱ्या पुराव्याचा आधार मिळाल्याखेरीज त्याला पुरावा म्हणून मोल नाही, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. श्वान जागा दाखवतो, कोणाचा गंध आणि कधीचा हे तो सांगत नाही. त्यापुढचे काम प्रयोगशाळेचे, आणि प्रयोगशाळेने काय सांगितले ते वर आलेच आहे. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, जर्सी बेटावरील एका जुन्या बालगृहात यांपैकी प्रेताचा गंध ओळखणाऱ्या श्वानाने इशारा दिला होता. तेथे सापडलेला तुकडा आधी बालकाच्या कवटीचा म्हणून जाहीर झाला आणि नंतर तो लाकडाचा किंवा नारळाच्या करवंटीचा असावा असे निष्पन्न झाले. श्वान निकामी होता असे मी म्हणत नाही. त्याने दाखवलेल्या जागी काय आहे हे पाहण्याआधीच निष्कर्ष जाहीर झाला.

५अ विषयी एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या रात्री घर बंदिस्त होण्याआधी सुमारे वीस जण आत येऊन गेले होते. मुलांच्या खोलीच्या दाराला फीत लावून पोलीस पहाटे तीनच्या सुमारास निघून गेले. नंतर महिनाभर ते घर रिकामे राहिले, मग पर्यटकांना भाड्याने दिले गेले, आणि ऑगस्टमध्ये पुन्हा मोहोरबंद करून तपासले गेले. घटनास्थळाचा पंचनामा आणि जतन या बाबतीत आपण आपल्याकडील पोलिसांना नावे ठेवतो, पण हे युरोपातले उदाहरणही डोळ्यांसमोर असू द्यावे.

राहिला मौनाचा प्रश्न. ७ सप्टेंबर २००७ रोजी दोघांनाही ‘अर्गिदो’ घोषित करण्यात आले. पोर्तुगीज कायद्यातील हा दर्जा आरोपीचा नसून औपचारिक संशयिताचा आहे आणि मौन बाळगण्याचा हक्क त्या दर्जाबरोबरच मिळतो. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २० च्या तिसऱ्या खंडात जे संरक्षण आहे त्याच जातीचा हा हक्क. वकिलाच्या सल्ल्याने तो बजावणे याला कबुली म्हणता येत नाही, मग ती व्यक्ती आई असो वा आणखी कोणी. २१ जुलै २००८ रोजी प्रकरण दफ्तरी दाखल करताना पोर्तुगालच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयाने दोघांचा तो दर्जा काढून घेतला आणि त्यांनी कोणताही गुन्हा केल्याचा पुरावा नसल्याचे नमूद केले. कोरडा_ओढा, हा धूर कोठून निघाला हे विचारणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

सोअरकाठ

तो धूर कोठून निघाला याचे थोडेफार उत्तर माझ्याकडे आहे, कारण २००७ मध्ये मी लेस्टर येथे राहत होतो आणि मॅकॅन कुटुंबाचे रॉथली गाव तेथून काही मैलांवर आहे. त्या मे महिन्यात गावातील युद्धस्मारकाभोवतीचे कठडे पिवळ्या फितींनी आणि कापडी अस्वलांनी भरून गेले होते. पावसाने भिजून अस्वलांचे रंग एकमेकांना लागलेले मला आठवतात. सप्टेंबरात त्याच गावाबद्दल दुकानातल्या रांगेत लोक हलक्या आवाजात वेगळेच बोलू लागले. मधल्या चार महिन्यांत नवा पुरावा कोणीच पाहिलेला नव्हता, बातम्या मात्र रोज नव्या येत होत्या.

कारण असे की, पोर्तुगालमध्ये तपास चालू असताना त्याविषयी बोलण्यास कायद्याने मनाई होती. पोलीस उघडपणे काही सांगत नसत, म्हणून जे बाहेर येई ते नाव न सांगणाऱ्या सूत्रांकडून येई. पोर्तुगीज पत्रे ते छापत, इंग्रजी पत्रे त्याचे भाषांतर करत, आणि दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज पत्रे इंग्रजी पत्रांचा हवाला देत. ‘काही घटक जुळतात’ या वाक्याचे ‘डीएनए जुळला’ असे रूपांतर या फेऱ्यांमध्येच झाले. मार्च २००८ मध्ये दोन इंग्रजी दैनिकांना पहिल्या पानावर माफी छापावी लागली आणि त्यांच्या प्रकाशन समूहाला साडेपाच लाख पौंड द्यावे लागले. ही रक्कम मुलीच्या शोधनिधीत गेली. प्राया द लूझ येथे राहणाऱ्या आणि सर्वांत आधी संशयित ठरवल्या गेलेल्या एका ब्रिटिश गृहस्थाला जुलैमध्ये सहा लाख पौंड मिळाले. ऑगस्ट २००८ मध्ये अकरा हजारांहून अधिक पानांची तपासाची कागदपत्रे खुली झाली, तोवर लोकांचे मत पक्के झालेले होते. कागदपत्रे वाचून मत बदलणारे मला भेटले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

दुसऱ्या बाजूचेही एक उदाहरण देतो, म्हणजे मी आईवडिलांची वकिली करतो असे वाटायला नको. त्या रात्री सव्वानऊच्या सुमारास आईवडिलांच्या एका मैत्रिणीने एक माणूस लहान मुलाला हातांवर आडवे घेऊन जाताना पाहिला होता. अपहरणावर ठाम विश्वास असलेल्यांनी सहा वर्षे त्या माणसाभोवती सिद्धांत रचले. २०१३ मध्ये लंडनच्या पोलिसांनी सांगितले की, तो बहुधा पाळणाघरातून आपल्याच मुलीला घेऊन परतणारा एक ब्रिटिश पर्यटक होता. सहा वर्षे त्या एका साक्षीमुळे रात्री दहाच्या सुमारास दिसलेल्या दुसऱ्या माणसाकडे हवे तितके लक्ष गेले नाही.

कोरडा_ओढा

जर्सीच्या श्वानाची गोष्ट मला माहीत नव्हती आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मात्र मग जर्मन संशयिताबद्दलही हाच काटेकोरपणा पाळला जावा, एवढीच अपेक्षा. २०२० पासून जर्मन सरकारी वकील मुलगी जिवंत नाही याचा पुरावा असल्याचे सांगत आले, तो पुरावा कोणी पाहिलेला नाही, आणि तरीही मंचांवर प्रकरण सुटल्यासारखेच बोलले जाते.

उभयपक्षी

पूर्णपणे मान्य. त्या माणसाचा गुन्हेगारी इतिहास भयंकर आहे. २००५ मध्ये प्राया द लूझ येथेच एका वृद्ध स्त्रीवर केलेल्या बलात्कारासाठी तो दोषी ठरला आणि ती शिक्षा भोगून सप्टेंबर २०२५ मध्ये सुटला. मॅडलिनच्या प्रकरणात त्याच्यावर आरोपपत्र नाही आणि तो आरोप नाकारतो. त्याचा दूरध्वनी त्या संध्याकाळी त्या परिसरात वापरला गेला होता, असे तपासकर्ते सांगतात. परिसरात असणे आणि त्या खोलीत असणे यांतले अंतर न्यायालयात पुराव्यानेच भरावे लागते.

सदाफुली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आईवडिलांच्या डीएनएचा मुद्दा काल दिरांना कागदावर दोन रकाने काढून दाखवला. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, ‘बरे, पण मग तो नमुना आज पुन्हा का तपासत नाहीत?’ हा प्रश्न मलाही योग्य वाटतो.

पिंपळपान

प्रश्न योग्यच आहे. मिश्र नमुन्यांचा अर्थ लावण्यासाठी आता संगणकीय पद्धती आहेत. त्या शिखरांची नुसती मोजदाद न करता प्रत्येक शिखराची उंची विचारात घेतात आणि अमुक व्यक्ती मिश्रणात असण्याची शक्यता नसण्याच्या शक्यतेच्या किती पट आहे, ते सांगतात. त्यासाठी नवा नमुना लागतोच असे नाही, यंत्रातून निघालेली मूळ माहिती जपलेली असेल तर तीही पुरते. परंतु दिरांना एक सांगून ठेवा. आईवडील आणि भावंडे यांचे अंश मिसळलेले असताना त्यांच्याच मुलीला त्यातून वेगळे काढणे हा या शास्त्रातील सर्वांत अवघड प्रकार आहे, आणि संगणकाचे उत्तरही ‘सांगता येत नाही’ असेच येऊ शकते. शिवाय मुलीचा डीएनए निघाला, तरी तिच्या कपड्यांवरून किंवा खेळण्यांवरून तो त्या डिकीत गेला असण्याची शक्यता उरतेच, कारण घर बदलताना तिचे सामान त्याच मोटारीतून नेलेले होते.