खोलीतला कार्बन डायऑक्साइड, बादलीभर चुना आणि ‘०.०४ टक्के’वाला फॉरवर्ड

बंद खिडकी
मंडळी, एका फॉरवर्डमधून निघालेले प्रश्न आहेत. त्यातला मजकूर थोडक्यात असा: हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के, एवढ्याशाने पृथ्वी तापते हे थोतांड. तरी धास्ती वाटत असेल तर झोपायच्या खोलीत बादलीभर चुन्याची निवळी ठेवा, रातोरात सगळा वायू शोषला जातो. पुरावा म्हणून मीटरचे दोन फोटो: रात्री १८५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत एवढे भाग वायू), सकाळी ७२०.

खोली ३ × ४ मीटर, उंची ३ मीटर, बादली १५ लिटरची असं धरू. रसायनशास्त्राच्या हिशेबात हे बसतं का?

दुसरं म्हणजे, तशाच दिसणाऱ्या माझ्या मीटरचा आकडा हाताला सॅनिटायझर लावला की ४०० वरून २००० वर उडी मारतो. चार माणसं खोलीत तासभर बसली तर मात्र फारसा हलत नाही. बिघडलाय की असाच असतो?

ब्युरेट
आधी बादली. खोलीचं आकारमान ३६ घनमीटर, म्हणजे ३६,००० लिटर. १८५० वरून ७२० म्हणजे ११३० पीपीएमची घट, म्हणजे सुमारे ४१ लिटर वायू. खोलीच्या तापमानाला लिटरला साधारण १.८ ग्रॅम धरले तर ७३ ग्रॅम.

आता निवळीची ताकद. कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्यात फारच कमी विरघळतं, २० अंशाला लिटरमागे जेमतेम १.७ ग्रॅम. ७४ ग्रॅम चुना ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड घेतो, म्हणजे लिटरभर संपृक्त निवळी कशीबशी १ ग्रॅम वायू पकडणार. पंधरा लिटरची बादली १५ ग्रॅमवर संपली. ७३ ग्रॅमला सत्तरहून जास्त लिटर निवळी लागेल, आणि यात झोपलेल्या माणसाचा श्वास अजून धरलेलाच नाही. जागा, नुसता बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर, म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास वायू सोडतो. झोपेत थोडा कमी. बादलीची सगळी कमाई एकाच माणसाच्या अर्ध्या-पाऊण तासाची.

‘तळाशी न विरघळलेला चुना ठेवला तर?’ असं कोणीतरी विचारेलच. साठा वाढतो, वेग वाढत नाही. हवा पाण्याला भेटते ती फक्त वरच्या तबकडीएवढ्या पृष्ठभागावर, आणि तिथे काही तासांत कॅल्शियम कार्बोनेटची साय धरते. निवळीवर दिसणारा तो पांढरा पापुद्रा हाच. पुढचा वायू त्यातून झिरपत जातो. सकाळी आकडा उतरला असेल तर दार किंवा खिडकी उघडली गेली, नाहीतर मीटरच खोटं बोलतोय.

सोल्डर
मीटरचं मी सांगतो. सॅनिटायझरला उडी मारतो आणि माणसांना दाद देत नाही, म्हणजे त्यात कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर नाहीच. आत तापवलेल्या धातू-ऑक्साइडचा, बहुधा टिन ऑक्साइडचा थर असतो. अल्कोहोल, सुगंधी द्रव्यं, हायड्रोजन असे ऑक्सिडीकरण होणारे वायू त्यावर आले की त्याचा विद्युत रोध बदलतो. कार्बन डायऑक्साइड आधीच पूर्ण ऑक्सिडीकृत, त्याच्याशी या थराचं काही घेणंदेणं नाही. मग ‘माणसं जमली की बाष्पनशील सेंद्रिय द्रव्यंही वाढतात’ एवढ्या गृहीतावर सूत्राने एक आकडा बनवला जातो. माहितीपत्रकात ‘ईसीओटू’ किंवा ‘समतुल्य’ लिहिलं असेल तर हाच प्रकार समजा. ४०० हा त्याचा तळ असतो, त्याखाली तो जातच नाही, म्हणून शांत असताना अगदी बरोबर वाटतो!

खरा सेन्सर एनडीआयआर (वायूने किती अवरक्त शोषलं ते मोजणारा) नाहीतर फोटोअकूस्टिक (ते शोषताना होणारा आवाज मोजणारा). एनडीआयआरमध्ये एका टोकाला अवरक्त दिवा, दुसऱ्या टोकाला ४.२६ मायक्रोमीटरचा फिल्टर लावलेला डिटेक्टर. या तरंगलांबीला हवेतलं दुसरं काही फारसं शोषत नाही.

घरी खात्री करायची तर फुंकर मारून बघू नका. उच्छ्वासात ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम वायू असतो. खरा सेन्सर त्याने कमाल आकड्याला चिकटतो आणि खोटाही ओलाव्याने नाचतो. त्यापेक्षा हे करा:

२० लिटरचा झाकणबंद प्लास्टिकचा डबा घ्या. २ ग्रॅम खाण्याचा सोडा १०० मिलिलिटर गार पाण्यात विरघळवा. गरम पाणी नको, सोडा तिथेच वायू सोडायला लागतो आणि माप चुकतं. डब्यात मीटर आणि एका वाटीत अर्धा ग्रॅम सायट्रिक ॲसिड. झाकणाला बारीक भोक पाडून सिरिंजने बरोबर ५ मिलिलिटर द्रावण वाटीत सोडा आणि भोकावर लगेच चिकटपट्टी. त्यात ०.१ ग्रॅम सोडा गेला, त्यातून सुमारे २९ मिलिलिटर वायू, २० लिटरात साधारण १४५० पीपीएमची वाढ. दहा मिनिटं थांबा. १२०० ते १५००ची वाढ दिसली तर सेन्सर खरा, थोडी घट गळतीची. जागचा हलला नाही, किंवा नुसत्या ओलाव्याने थोडा थरथरला, तर समजून जा.

बंद खिडकी
सायट्रिकच्या जागी व्हिनेगर चालेल का? आणि ०.०४ टक्क्यांचं राहिलं.

सोल्डर
या चाचणीत नको. ॲसेटिक ॲसिडची वाफ टिन ऑक्साइडला चाळवते, म्हणजे खोटा सेन्सर नेमका पास होईल. सायट्रिकला तशी वाफ नाही.

वर्णपट
०.०४ टक्के. सोल्डरने वर लिहिलंय ते पुन्हा वाचा: काही सेंटिमीटर लांबीच्या पोकळीत ०.०४ टक्के वायूने शोषलेलं अवरक्त मोजता येतं, म्हणून तर एनडीआयआर चालतो. फॉरवर्डवाल्याने पुरावा म्हणून मीटरचा फोटो जोडला. मीटर खरा असेल तर पहिलाच मुद्दा बाद, खोटा असेल तर फोटो बाद.

टक्केवारी इथे मुळातच गैरलागू आहे. कोरड्या हवेचा ९९.९ टक्के भाग नायट्रोजन, ऑक्सिजन आणि आर्गॉन. नायट्रोजन, ऑक्सिजनचे रेणू दोन सारख्या अणूंचे, कंपन पावले तरी द्विध्रुव (रेणूतल्या धन-ऋण भारांची विभागणी) बदलत नाही, आणि तो बदलल्याशिवाय अवरक्त शोषलं जात नाही. आर्गॉन एकअणू, त्याला कंपनच नाही. पृथ्वीवरून निघणाऱ्या अवरक्ताला हे तिघे जवळपास पारदर्शक. तेव्हा मोजायचं ते किरणाच्या वाटेत किती रेणू येतात हे. जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १०,३०० किलो हवा उभी आहे आणि त्यात साधारण साडेसहा किलो कार्बन डायऑक्साइड. तो सगळा समुद्रसपाटीच्या दाबाला आणून पसरला तर साडेतीन मीटर जाडीचा शुद्ध थर होईल. ओझोनचा तसाच थर जेमतेम ३ मिलिमीटरचा होतो, आणि तरी तो अतिनील किरण अडवतो.

उष्णतेच्या हिशेबात महत्त्वाचा पट्टा १५ मायक्रोमीटरचा, रेणू वाकण्याच्या कंपनाचा. मीटरचा ४.२६ वाला पट्टा ताणाच्या कंपनाचा. १५ च्या पट्ट्याचा मध्य केव्हाच संपृक्त झालाय (तिथलं अवरक्त जवळपास सगळं आधीच शोषलं जातं) हे खरं, ‘मग आता वाढून काय फरक?’ हा पुढचा फॉरवर्ड त्यावरच बेतलेला असतो. पण पट्ट्याच्या कडा संपृक्त नाहीत, आणि वायू वाढला की अवकाशात उष्णता सोडणारा थर आणखी वर, जास्त थंड हवेत सरकतो. थंड थर कमी सोडतो. प्रमाण दुप्पट झालं की चौरस मीटरमागे सुमारे ४ वॅटचा फरक पडतो. हा वायू उष्णता धरतो हे अमेरिकन संशोधक युनिस फूट यांनी १८५६ मध्ये प्रयोगाने दाखवलं. भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांची मोजमापं १८५९ पासूनची.

‘वाढलेला वायू ज्वालामुखीतून येतो’ असंही म्हणतात, त्याला उत्तर समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू). कोळसा-तेलात कार्बन-१४ उरलेलाच नसतो (अर्धायुष्य ५,७३० वर्षं) आणि कार्बन-१३ कमी असतो. हवेतलं कार्बन-१३चं प्रमाण घसरतंय. शिवाय ऑक्सिजनही किंचित घटतोय. ज्वलनाने ऑक्सिजन खर्च होतो, ज्वालामुखीने असा होत नाही.

भट्टी
ब्युरेटराव, हिशेब बरोबर, पण चुना अगदीच मोडीत काढू नका. भूल देण्याच्या यंत्रात रुग्णाचा उच्छ्वास सोडा लाइममधूनच (मुख्यतः चुन्याचं मिश्रण) फिरवतात. तिथे दाणे असतात, पृष्ठभाग प्रचंड, साधारण १५ टक्के ओलावा, थोडा सोडियम हायड्रॉक्साइड, आणि हवा दाण्यांमधूनच जाते. शंभर ग्रॅमची सैद्धांतिक क्षमता २६ लिटरच्या आसपास, प्रत्यक्षात कमी, कारण हवा सोप्या वाटेने निसटते. संपत आला की दाण्यांत मिसळलेलं रंगद्रव्य जांभळं होतं. दाणे सुकले की शोषण मंदावतं, कारण अभिक्रिया पाण्याच्या पातळ थरात होते.

फॉरवर्डमधला खरा घोळ मात्र वेगळाच आहे: चुना येतो कुठून? चुनखडी ९०० अंशांच्या आसपास भाजून. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो कळीचा चुना आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड, शिवाय इंधनाचा धूर. बादलीत शोषला जाईल त्याहून जास्त भट्टीवर आधीच सुटलेला असतो. हवेतून वायू खेचणाऱ्या कारखान्यांतही चुन्याचं चक्र वापरतात, पण तिथे भट्टीतून निघालेला वायू पकडून जमिनीत गाडावा लागतो, आणि खर्चाचा मोठा वाटा त्या भाजण्याच्या उष्णतेचाच.

आणि निवळीचा सामू १२.४ असतो. डोळ्यात उडाली तर वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टर गाठा. लहान मुलं असलेल्या खोलीत उघडी बादली नकोच.

काजळी
खोलीपुरतं बोलायचं तर बंद खोलीत दोन माणसं तासाला साधारण १००० पीपीएमची भर घालतात (प्रत्येकी १८ लिटर, भागिले ३६,०००). कामाच्या ठिकाणी आठ तासांची मर्यादा बहुतेक देशांत ५००० आहे, त्यामुळे १५००ला घाबरायचं कारण नाही. तो आकडा हवा कोंदल्याची खूण म्हणून वाचा. उपाय खिडकी. हेपा गाळणी कण धरते, हा वायू तिच्यातून सरळ आरपार जातो.

‘कुंडीतली झाडं घरातली हवा शुद्ध करतात’ हा फॉरवर्ड १९८९ च्या नासाच्या प्रयोगावर उभा आहे. तो छोट्या बंद पेट्यांमधला होता. साध्या खोलीत तेवढा परिणाम साधायला चौरस मीटरमागे १० ते १००० झाडं लागतील, असा २०१९ चा हिशेब आहे. ओझोन सोडणारी ‘ताजी हवा’ यंत्रं तर घेऊच नका. लिंबाच्या वासाच्या फरशी-क्लीनरमधल्या लिमोनीनशी ओझोनची अभिक्रिया होऊन फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात.

खिडकी उघडायच्या आधी बाहेरचा पीएम २.५ (२.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कणांचं प्रमाण) बघा. डब्ल्यूएचओची २०२१ ची मार्गदर्शक मर्यादा २४ तासांच्या सरासरीला १५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. फक्त पहाटेच्या धुक्यातल्या आकड्यावर जाऊ नका. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की अमोनियम सल्फेटचे कण पाणी पिऊन फुगतात आणि लेझरवाला मीटर ते पाणीही धूळ म्हणून मोजतो.

बंद खिडकी
एनडीआयआरवाला घेतला तर पुन्हा जुळवणी करावी लागते का?

सोल्डर
बहुतेकांत ती आपोआप होते: गेल्या सात-आठ दिवसांतला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा असं तो धरतो आणि त्याला ४०० म्हणतो. खोली आठवडाभर ७०० च्या खाली आलीच नाही, तर तो ७०० लाच ४०० म्हणायला लागेल. तेव्हा आठवड्यातून एकदा वीस मिनिटं गॅलरीत ठेवा, पण उन्हात नाही आणि आपण जवळ उभं राहायचं नाही. तसा ४०० हा आकडाही आता जुना झालाय. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ च्या आसपास होता, २०२४ ची सरासरी सुमारे ४२५ आहे. तुमचा मीटर तेवढे पंचवीस कमीच दाखवेल.