प्लेटलेट्स द्यायला आठ जण एकदम गेलं तर चालेल का?

कृष्णाकाठ:
माझ्या भाचीला ल्युकेमिया आहे. वय 9. परळला टाटामध्ये केमो चालू आहे आणि प्लेटलेट्सचा काउंट 12 हजारांवर आलाय. एसडीपीसाठी, म्हणजे एकाच माणसाकडून मशीनने काढलेल्या प्लेटलेट्ससाठी, डोनर आणा म्हणून सांगितलंय. सांगलीहून आम्ही आठ जण गाडी करून रविवारी निघतोय. पण आई धाकट्या भावाला सोडायला तयार नाही. रक्त काढून मशीनमधून परत अंगात घालतात, त्यातून काही शिरलं तर, असं तिचं म्हणणं. तीन आठवड्यांपूर्वी त्याने मंडळाच्या शिबिरात रक्तदानही केलंय. कोणी दिल्यात का प्लेटलेट्स?

सुरंगी:
भाचीला लवकर आराम पडो. निघण्याआधी रक्तपेढीत फोन करून रविवारची वेळ विचारून घ्या.

गिरणगावकर:
ताई, कळकळीने सांगतो, आठ जण एकदम येऊ नका. प्लेटलेट्स फ्रीजमध्ये टिकत नाहीत. 20 ते 24 अंशांत, सतत हलत्या ट्रेवर ठेवल्या तरी पाच दिवसांत वापराव्या लागतात. केमोत काउंट पुन्हा पुन्हा पडतो. रविवारी सगळ्यांनी देऊन सांगली गाठलीत, तर पुढच्या आठवड्यात पोरीसाठी धावायला कोण? आत्ता दोघं-तिघं या, बाकीच्यांच्या तारखा वहीत लावून ठेवा.

मी लालबागला राहतो, बरीच वर्षं देतोय. आधी नमुना घेतात. काउंट दीड लाखाच्या वर लागतो, शिवाय एचआयव्ही, कावीळ वगैरे तपासण्या होतात. त्यातच बराच वेळ जातो. शीर बारीक असेल तर परत पाठवतात, म्हणून एखादा माणूस जादा आणा. मग खुर्चीत बसायचं, हातात दाबायला चेंडू. रक्त नळीतून मशीनमध्ये जातं, तिथे गरगर फिरून प्लेटलेट्स वेगळ्या होतात आणि तांबड्या पेशी परत अंगात येतात. परत येताना हात गार पडतो, ओठांभोवती मुंग्या येतात. रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट मिसळतात, त्याने कॅल्शियम तेवढ्यापुरतं उतरतं. सोसत बसायचं नाही, सिस्टरना सांगायचं. त्या वेग कमी करतात, कॅल्शियमची गोळी देतात. तास-दीड तासात सुटका.

आईंना सांगा, नळ्या-पिशव्यांचा संच नवा कोरा, सीलबंद असतो. एकाला वापरला की टाकून देतात. रक्त त्या नळ्यांतच फिरतं, मशीनला लागत नाही.

धाकट्याला मात्र या खेपेला थांबवा. रक्तदानानंतर 28 दिवस जावे लागतात. नुसत्या प्लेटलेट्स दिल्या तर 48 तासांनी परत देता येतात, आठवड्यात दोनदा, वर्षात 24 वेळा.

कृष्णाकाठ:
दादा, खूप धीर आला. आईला वाचून दाखवलं. आता दोघे चुलतभाऊ येतील, तिसरा जादा. धाकटा पुढच्या आठवड्यात. साध्या रक्तातून काढलेल्या चालत नाहीत का? येताना उपाशी यायचं का?

गिरणगावकर:
अजिबात उपाशी नको. पोहे-इडली खाऊन, भरपूर पाणी पिऊन या. वडे-मिसळ टाळा, तेलकट खाल्लं की प्लाझ्मा, म्हणजे रक्तातलं पिवळसर पाणी, गढूळ येतो. तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली नको, वजन 50 किलोंच्या वर हवं.

साध्या रक्ताच्याही चालतात, पण एका एसडीपीएवढ्या व्हायला पाच-सहा जणांच्या पिशव्या लागतात. वारंवार लागणाऱ्या पेशंटच्या अंगात इतक्या परक्यांचं रक्त गेलं की त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार व्हायची भीती वाढते, मग दिलेल्या प्लेटलेट्सही टिकत नाहीत. म्हणून डॉक्टर एका डोनरची मागतात.

झाल्यावर पिशवी बघायला मागा. पिवळसर असते. उजेडात धरून हलकेच हलवली की आत धूर फिरल्यासारखा दिसतो. टेक्निशियनही तेच बघतात, तसं फिरलं म्हणजे प्लेटलेट्स चांगल्या.

भाचीचा गट कोणता?

कृष्णाकाठ:
बी पॉझिटिव्ह.

गिरणगावकर:
माझाही तोच. गुरुवारी सकाळी मोकळा आहे, मला वहीत धरा. केस नंबर व्यनि (खाजगी निरोप) करा.

सुरंगी:
माझा नवरा बी पॉझिटिव्ह, डोंबिवलीला असतो. त्याच्या पुढच्या आठवड्यात लिहा.