मादी बदलण्याआधी नर तपासा
एकाची सशाची मादी मे महिन्यात तीनदा नराला लावूनही गाभण राहिली नाही, म्हणून ती बदलून टाका, असा सल्ला त्याला कुणीतरी दिलाय. मला तो पटत नाही. आधी नराकडे बघा. पारा बरेच दिवस तिशीच्या वर राहिला की नराचं बीज खराब होतं. नर मादीवर चढतो, सगळं नीट झाल्यासारखं दिसतं, पण मादी रिकामीच राहते. बरं, ऊन उतरलं की लगेच सुधारतो असंही नाही. नवं बीज तयार व्हायला दीड-दोन महिने जातात. मी जळगावात एक देखणी, प्रदर्शनात ठेवावी अशी न्यूझीलंड व्हाइट जातीची मादी याच गैरसमजातून देऊन टाकली. दिवाळीनंतर नव्या घरी तिने आठ पिल्लं दिली. अजून हळहळ वाटते.

आता मार्च लागला की नरांचे पिंजरे पत्र्याखालून काढून न्हाणीशेजारच्या बोळात आणतो. दुपारी बर्फ केलेली पाण्याची बाटली गोणपाटात गुंडाळून आत ठेवायची. ससा तिला अंग लावून लांब पसरतो. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता बरीचशी कानांतून बाहेर पडते. म्हणून ओल्या फडक्याने कान पुसा, अंगावर गार पाणी ओतू नका. पोटात पिल्लं असलेल्या मादीला तर ऊन अजिबात सोसत नाही. गाभणकाळ साधारण 31 दिवसांचा, तो हिशेब धरून फेब्रुवारीच्या मध्यानंतर मी मादी लावतच नाही.