एप्रिलमधली जपानची ग्रुप टूर: बॅगा, कुकर आणि जमिनीवरची गादी

सांगलीची_लेक:
नमस्कार मंडळी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन जपानला चाललेय. २६ जणांचा ग्रुप, ९ रात्री: टोकियो, हाकोने, क्योतो, हिरोशिमा, ओसाका. टूरवाल्यांच्या यादीत 'उबदार कपडे, आरामदायी बूट' यापलीकडे काही नाही. माणशी एक मोठी बॅग घ्यावी का? आईला खिचडीसाठी घरचा छोटा इलेक्ट्रिक कुकर न्यायचाय. आणि हाकोनेला एक रात्र जपानी पद्धतीची खोली आहे. बाबा ७१ चे, एकदा खाली बसले की उठवायला दोघं लागतात. काय करू?

पेन्शनर_काकू:
अगं, कुकर घरीच ठेव. तिथे वीज १०० व्होल्टची. आपली २३० ची उपकरणं त्यावर पाचव्या हिश्श्याने तापतात. माझ्या बहिणीने हौसेने किटली नेली होती, पाऊण तास झाला तरी पाणी कोमटच. आम्हाला मिळालेल्या प्रत्येक खोलीत त्यांची किटली होती. गरम पाणी ओतून होणाऱ्या उपमा-पोह्यांची पाकिटं ने. मोबाइलचा चार्जर चालतो, फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर हवा.

आता बॅग. मी २८ इंची नेली आणि पस्तावले. टोकियोतली खोली एवढीशी, की दोघींच्या बॅगा एका वेळी उघडायच्याच नाहीत. माझी उघडली की बहीण पलंगावर पाय वर घेऊन बसायची. शिवाय तोकाइदो शिंकान्सेन या बुलेट ट्रेनमध्ये लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर गेलं की त्यासाठीची वेगळी सीट आधी राखून ठेवावी लागते, नाहीतर १००० येन भरा. चाकं आणि मूठ धरून मोज. २४ इंची बसते त्यात. हाकोनेजवळच्या ओदावारा स्टेशनला आमची गाडी मिनिटभर थांबली, तेवढ्यात २६ माणसं आणि २६ बॅगा चढवायच्या म्हणजे काय ते बघ!

म्हणून टूर मॅनेजरला आत्ताच विचार, की मोठ्या बॅगा टोकियोहून थेट क्योतोला पाठवणार का. तिथे ताक्युबिन नावाची कुरिअरची सोय आहे, सामान बहुधा दुसऱ्या दिवशी पोचतं. तसं असेल तर हाकोनेला पाठीवरची एक पिशवी पुरते: औषधं, एक जोड कपडे, दात घासायचं. रात्री घालायला युकाता, म्हणजे सुती किमोनो, तेच देतात. डावा पदर उजव्यावर घ्यायचा हं, उलटा फक्त मृताला नेसवतात.

तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या खोलीबद्दल घाबरू नकोस, पण गप्पही बसू नकोस. 'वायोशित्सु' म्हणून खोल्या असतात, तातामीही आणि पलंगही. बाबांसाठी तसली मागून घे. नसेलच तर निदान एक उंच खुर्ची माग. बूट दाराशीच काढायचे आणि संडासासाठी वेगळ्या सपाता. आमच्यातल्या एक बाईसाहेब त्याच सपाता घालून जेवायला आल्या! वाढणारी पोरगी काही बोलली नाही, नुसती पायांकडे बघून लाल झाली.

आणि ताजी फळं, कढीपत्ता, मांसाचं काहीही नेऊ नका. आमच्यातल्या एकांनी डझनभर हापूस नेले होते. विमानतळावरच राहिले. आठवडाभर त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

निशिकासाईकर:
सात वर्षं टोकियोत आहे, काकूंच्या बोलण्यात थोडी भर घालतो. खोलीच्या कागदावर 'ट्विन' लिहिलंय ना, ते बघा. 'डबल' म्हणजे एकच पलंग. 'सेमी-डबल' तर साधारण १२० सेंटीमीटर रुंद, आपले दोन काका त्यात मावायचे नाहीत.

कपडे चार जोड बास. बऱ्याच बिझनेस हॉटेलांत नाणी टाकून चालणारं धुलाई मशीन असतं. रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळपास नसतातच, तेव्हा प्रत्येकाने एक रिकामी पिशवी जवळ ठेवा. ५०० येनपर्यंत सगळी नाणीच, त्यामुळे छोटा बटवा हवा.

औषधं महिन्याभरापेक्षा जास्त नकोत, चिठ्ठी सोबत ठेवा. सर्दी-खोकल्याच्या गोळ्यांत स्युडोएफेड्रिन किंवा कोडीन आहे का ते डॉक्टरांना दाखवून घ्या, इथे त्यावर कडक नियम आहेत.

काकू, एका बाबतीत मात्र नाही पटत: नुसत्या पाकिटांवर नऊ दिवस काढू नका, इथलंही खा. फक्त, शाकाहारी असाल तर 'दाशी' घातलीय का ते विचारा. भाजीच्या सूपातही बऱ्याचदा हा माशाचा अर्क असतो.

सांगलीची_लेक:
काकू, कुकर परत माळ्यावर गेला. आई तासभर बोलली नाही, मग स्वतःच पाकिटं मोजायला बसली. बॅग मोजली तर १६३ भरली, भावाची २४ इंची मागवलीय. दादा, आमच्या कागदावर आई-बाबांना 'डबल' लिहिलंय, उद्याच फोन करते. बूट काढायचे म्हणून बाबांचे पायमोजे तपासले. सहापैकी चार जोडांना अंगठ्यापाशी भोक.