परदेशात मोठी व्हॅन भाड्यानं घेतली होती का? अनुभव सांगा (आम्ही 11, बॅगा वेगळ्या)

दिग्रस

शेगावला जायचं ठरलं की आमच्याकडे कोणी डोकं खाजवत नाही. रात्री तूफान जीपवाल्याला फोन, पहाटे पाचला गाडी दारात. गाडी ठरायची 9 जणांसाठी, बसायचे 13. डबे पायाशी, बॅगा टपावर, नात आजीच्या मांडीवर, आणि अकोल्यापर्यंत सगळ्यांची झोप.

आता धाकटा भाऊ पुढच्या मे महिन्यात जर्मनीला बोलावतो आहे. तिथून स्वित्झर्लंड आणि इटलीही करू म्हणतो. आम्ही एकूण 11. बाबा 74 वर्षांचे, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. सगळ्यात लहान पुतणी चारची. भावाचं म्हणणं, एकच मोठी गाडी घेऊ, सगळे सोबत राहू.

कोणी असा प्रवास केला असेल तर सविस्तर लिहा. गाडी कोणी चालवली, बॅगा कुठे मावल्या, म्हातारी माणसं चढली कशी, पैसे कुठे अचानक गेले. सल्ले घरात भरपूर मिळतात, इथे फक्त झालेलं सांगा.

हिंगणघाट

भाऊ, तुमचे 11 एका गाडीत बसणार नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. तिकडे साध्या कारच्या परवान्यावर ड्रायव्हर धरून 9 जणांचीच गाडी चालवता येते. त्याच्या वर गेलात की बसचा परवाना लागतो.

हे मला 2023 मध्ये जर्मनीत भाड्याच्या गाडीच्या काउंटरसमोर उभं राहून कळलं. आम्ही मोठे 9 आणि भाचा पाच वर्षांचा. मेहुणे म्हणाले, "त्यात काय, घेऊ मांडीवर." काउंटरवरच्या बाईनं गाडीत नेऊन पट्टे मोजून दाखवले. 9 पट्टे, 9 माणसं. वर 12 वर्षांच्या आतलं आणि 150 सेंटिमीटरपेक्षा बुटकं पोरगं असेल तर त्याची वेगळी सीट लागते, तिचं रोजचं भाडं निराळं. शेवटी मेहुणे आणि सासूबाई रेल्वेनं आले. खरं सांगायचं तर आमच्या आधी पोहोचले आणि कॉफी पिऊन बसले होते.

बॅगांचं त्याहून वाईट. नऊच्या नऊ सीट भरल्या की मागच्या दाराशी हातभर जागा उरते. आम्ही नागपूरहून मोठ्या चाकांच्या नव्या बॅगा घेऊन गेलो होतो, त्यातल्या चार उभ्या राहिल्या. बाकीच्या पायाखाली आणि मांडीवर. काकूंनी म्युनिकपासून झ्युरिकपर्यंत चिवड्याची पिशवी कुशीत धरून प्रवास केला.

भूमिगत पार्किंगच्या तोंडाशी आडवा दांडा लटकलेला असतो, त्यावर उंची लिहिलेली असते. आमच्या वेळी 1.90 मीटर होती आणि गाडी जवळपास दोन मीटर. मागे गाड्यांची रांग. मी खाली उतरून एकेकाला हात जोडून मागे सरकवलं, तेव्हा बाहेर निघालो.

स्वित्झर्लंडच्या महामार्गासाठी 40 फ्रँकचा पास लागतो, तो वर्षाचाच मिळतो, आपण दोन दिवस जाणार असलो तरी. इटलीत जुन्या शहरांच्या आतल्या भागात परवानगीशिवाय गाडी न्यायची नसते. लाल गोलाची पाटी असते, पण पाहुणे मंडळी आरडाओरडा करत असताना ती दिसत नाही. कॅमेऱ्याला आपण दिसतो. घरी येऊन चार महिने झाले, कापूस निघाला, दिवाळी झाली आणि पोस्टमन इटलीच्या दंडाचं पाकीट घेऊन आला. त्याआधी गाडीवाल्यांनी आमचं नाव कळवल्याची वेगळी फी कार्डातून कापून घेतलीच होती. पोस्टमन विचारत होता, तिकडे नोकरी लागली का म्हणून.

परतवाडा

आमचं अमेरिकेत. तिथे बऱ्याच राज्यांत 15 सीटची व्हॅन साध्या परवान्यावर मिळते, जावयानं ठरवलीही होती. मग त्यानंच वाचलं की ही गाडी पूर्ण भरली की वजन मागे आणि वर जातं आणि वेगात वळवताना उलटण्याचा धोका वाढतो. तिथलं सरकारी रस्तासुरक्षा खातं बऱ्याच वर्षांपासून हे सांगत आलं आहे. टपावर सामान नको, माणसं कमी असतील तर पुढच्या रांगा आधी भरा. त्यानं दोन सात सीटच्या मिनीव्हॅन घेतल्या. मग पहिल्या दिवशी भांडण कशावरून, तर कोण कोणाच्या गाडीत. विहीणबाईंच्या गाडीत एसी जास्त थंड होता म्हणे.

एक लक्षात ठेवा. अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात, आणि आमच्याकडे कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं मागितलं. माझं कार्ड, जावयाचा परवाना, अर्धा तास तिथेच गेला.

वरूड

न्यूझीलंड, मार्च 2024, आम्ही 10 जण. हे थोडं लांबेल.

पहिला दणका गाडीच्या आधीच बसला. आमची आजी संत्र्याशिवाय घराबाहेर पडत नाही. विमानतळावर कागदावर विचारतात, खाण्याचं काही आणलं आहे का. लोणचं, पापड, चटण्या सगळं मी "हो" म्हणून लिहिलं आणि सगळ्यांना सांगितलं, लपवू नका. आजीच्या कागदावर मात्र नातवानं घाईत "नाही" भरलं. तिच्या हातातल्या कापडी पिशवीत बागेतली चार संत्री, मृग बहाराची. तपासणीचं कुत्रं येऊन बसलं पिशवीपाशी, मुकाट. 400 डॉलर दंड. त्या भावात इथे किती कॅरेट संत्री येतील हा हिशेब आबाजी पुढचे नऊ दिवस करत होते.

गाडी 12 सीटची टोयोटा हायेस. तिथे कारच्या परवान्यावर ती चालते. आपला महाराष्ट्राचा परवाना इंग्रजीत असतो, तरी मी अमरावतीच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून नेला होता, 1,000 रुपये फी, एक वर्ष चालतो. रस्ता आपल्यासारखाच डाव्या हाताचा, त्यामुळे हात लवकर बसला. आम्ही 10 असून 12ची घेतली, हीच त्यातल्या त्यात शहाणपणाची गोष्ट केली. मागच्या दोन सीट बॅगांना मोकळ्या मिळाल्या.

चढायचा प्रश्न आबाजींनी सोडवला. पायरी उंच होती. त्यांनी दुकानातून प्लॅस्टिकचा छोटा स्टूल घ्यायला लावला आणि थांबलो की आधी स्टूल खाली, मग आबाजी. परत येताना तो स्टूल आणायचा त्यांचा हट्ट होता.

दक्षिण बेटावर एकपदरी पूल फार. पाटीवर दोन बाण असतात, ज्याचा बाण लहान आणि लाल त्यानं थांबायचं. ते तिसऱ्या दिवशी नीट कळलं. 'ते अनौ' गावापासून मिलफर्ड साउंडपर्यंत सुमारे 120 किलोमीटर, मध्ये होमर बोगदा. बोगद्यापाशी थांबलो आणि हिरवट रंगाचे दोन मोठे पोपट येऊन बॉनेटवर बसले. केआ म्हणतात त्यांना. मोबाइल काढेपर्यंत एकानं वायपरचं रबर चोचीत धरून लांबवर ओढलं, दुसरा टपावर चढून दाराच्या वरची पट्टी उचकटत होता. आबाजी काचेतून ओरडले, "अरे, हे तं चिखलदऱ्याचे वांदरंच होय, पंख लावले फक्त!"

डिझेल पंपावर स्वस्त वाटलं. खुश होऊ नका. तिथे डिझेल गाडीला किलोमीटरप्रमाणे रस्त्याचा कर असतो. गाडी परत देताना मीटर बघून तो आमच्याकडून घेतला.

वणी

आमची तं परदेशवारी म्हणजे नेपाळ. पण बाप्पा, परदेश तो परदेश. गावातलीच क्रूझर जीप, गावातलाच ड्रायव्हर, 11 जण. सोनौलीले भन्सार करा लागते, म्हणजे गाडीची जकात, रोजाच्या हिशेबानं, जेवढे दिवस राहाचं तेवढ्याचे पैसे आधीच भराचे. आमी चार दिवसाचे भरले आन् पोखऱ्यात बुडी आजारी पडली. पाचवा दिवस गेला तं निघताना दंड. तवा तिकडे शंभरच्या वरची आपली नोट चालत नोहती. पाचशेच्या गड्ड्या घेऊन आलो होतो आमी, त्या तशाच कमरेले. चहाले पैसे नाही आन् कमरेले पस्तीस हजार.

पोखऱ्याच्या घाटात ड्रायव्हर म्हणे, "भाऊ, मले कोळशाच्या खाणीचा रस्ता बरा, हे नाही जमत." मग उतरेपर्यंत त्याले कोणी बोललं नाही.

ब्रह्मपुरी

श्रीलंकेत आम्ही चालकासकट व्हॅन घेतली. उंच टपाच्या हायेसला तिकडे सगळे केडीएच म्हणतात. आम्ही 8 बायका, एकही पुरुष नाही. कँडी ते नुवारा एलिया अंतर थोडं, पण वळणं इतकी की निम्म्या जणींनी लिंबू हुंगत काढलं. पुढची सीट वळणं लागणाऱ्या बाईला द्या, वयाला नाही.

चालकाच्या झोपण्याची सोय हॉटेलात आहे का, हे आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी वेगळी खोली असते. एका ठिकाणी नव्हती, तो गाडीतच झोपला, आणि दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांनाच शरमल्यासारखं झालं. आम्ही धानपट्ट्यातल्या, त्यामुळे जेवणाचे हाल नाहीत. लाल तांदळाचा भात बघून काकू म्हणाल्या, "इथं राहायलाही हरकत नाही."

दिग्रस

सगळं रात्री घरात वाचून दाखवलं. ठरलं ते असं: 9ची एक व्हॅन, माणसं 6, मागची रांग बॅगांना. सोबत 5 जणांची एक कार. भावाचा जर्मन परवाना आहे, मी आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढून घेतो. स्टूल इथूनच नेणार.

वरूडवाले भाऊ, एकच विचारायचं राहिलं. त्या पोपटानं रबर नेलं, त्याचे पैसे गाडीवाल्यांनी लावले का?

वरूड

नाही लावले. तिथे रोजचंच आहे म्हणाले. सीटच्या फटीत सापडलेल्या चिवड्याचे मात्र लावले, सफाईचे म्हणून.