कॉलेजात मतदार नोंदणी मोहीम : गठ्ठ्याने अर्ज नेऊन दिले तर चालतात का?

सोळाआणे
आम्ही दहाबारा जण, सगळे दुसऱ्या वर्षाला, कुठल्याच पक्षाचे नाही. कॉलेजातल्या नवमतदारांची नावं यादीत लावायची मोहीम घेतोय. बेत असा : वर्गावर्गात नमुना ६ (नवीन नाव नोंदवायचा अर्ज) वाटायचा, भरून घ्यायचा, आधारचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवायचे आणि सगळा गठ्ठा तहसील कार्यालयात नेऊन द्यायचा. बरीच मुलं होस्टेलला आहेत, काही अजून सतराचीच आहेत. यात काय चुकतंय?

उंबरठा
गठ्ठा चुकतोय. एका माणसाने किंवा संस्थेने आणलेले ढीगभर अर्ज मतदार नोंदणी अधिकारी घेत नाहीत. एका घरातले अर्ज एकत्र चालतात, आणि पक्षांच्या नेमलेल्या केंद्र प्रतिनिधींना दिवसाला मोजकेच अर्ज देता येतात. तुम्ही या दोन्हींत बसत नाही. त्यामुळे अर्ज ज्याचा त्यानेच, त्याच्याच मोबाइलवरून, मतदार पोर्टलवर भरायचा. तुम्ही शेजारी बसायचं.

आणि ओटीपी आपल्या नंबरवर घेऊ नका. कार्यकर्ते घाईत हे हमखास करतात. मग पुढचे सगळे मेसेज कार्यकर्त्याला येतात, अर्ज क्रमांक मुलाकडे नसतो आणि दोन महिन्यांनी कुणालाच काही शोधता येत नाही. व्हॉट्सॲपवर आधार तर मुळीच मागवू नका. त्या फोटोंची जबाबदारी नाहक तुमच्या गळ्यात पडते.

मुलांना आदल्या दिवशी सांगायचं ते एवढंच : आधार, दहावीचं प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी) आणि घरातल्या एखाद्याच्या मतदार ओळखपत्राचा क्रमांक. हा क्रमांक सगळे विसरतात. अर्जात त्याच पत्त्यावरच्या नातेवाइकाचा तपशील विचारलेला असतो; तो नीट दिला की नाव घरच्यांच्याच यादीभागात पडणं सोपं जातं. फोटोसाठी पांढरी भिंत गाठा. सेल्फी, गॉगल, कापलेला ग्रुप फोटो नको.

एका अर्जाला दहा-पंधरा मिनिटं धरा. एका टेबलावर दोघं बसले तरी तासाला आठ-दहाच्या वर जात नाहीत. म्हणून "एका दिवसात अख्खं कॉलेज" असं बॅनर लावू नका, रोज एक वर्ग घ्या.

काना_मात्रा
सगळ्यात जास्त चुका नावात होतात. इंग्रजीत नाव टाइप केलं की शेजारच्या रकान्यात मराठी आपोआप उमटतं, आणि तिथे 'ळ'चा 'ल', 'ण'चा 'न' झालेला असतो. काळेचं काले, बाणेचं बाने. मराठी रकाना हाताने दुरुस्त करायचा आणि मुलाला मोठ्याने वाचायला लावायचा. दुसरं म्हणजे आडनावाचा रकाना वेगळा आहे. पहिल्या रकान्यात स्वतःचं नाव आणि मधलं नाव. आपल्याकडे शाळेपासून आडनाव आधी लिहायची सवय, त्यामुळे हमखास उलटापालट होते. एकदा कार्डावर छापून आलं की नमुना ८ (दुरुस्ती आणि पत्ताबदलाचा अर्ज) भरत बसा.

वळचण
होस्टेलवाल्यांचं जरा सविस्तर, कारण इथेच चुकीचे सल्ले दिले जातात. विद्यार्थ्याला घरच्या पत्त्यावर किंवा होस्टेलच्या पत्त्यावर, कुठेही एका ठिकाणी नाव नोंदवता येतं. होस्टेलचा पत्ता द्यायचा तर प्राचार्य किंवा कुलसचिवांकडून तो तिथे राहतो आणि शिकतो असं प्रमाणपत्र जोडावं लागतं. प्राचार्यांच्या सहीला चार दिवस जातात, तेव्हा ते शिबिराच्या आधीच उरका.

गावाकडे नाव आधीच असेल तर नवा नमुना ६ भरायचा नाही, नमुना ८ भरून स्थलांतर करायचं. दोन्हीकडे नाव ठेवणं कायद्यात बसत नाही. अर्जात खोटी माहिती दिली तर 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही.

पण मुलांना एक गोष्ट आधी विचारा : ग्रामपंचायतीला मत द्यायचंय का? महाराष्ट्रात स्थानिक निवडणुकांसाठी वेगळी नोंदणी नसते, विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडतात. नाव पुण्याला आणलं की गावच्या सरपंचाला मत देता येणार नाही. हे न सांगता नावं हलवलीत तर शिव्या खाल.

अर्हता_दिनांक
सतरावाल्यांना परत पाठवू नका, आगाऊ अर्ज करता येतो. 2022 पासून वर्षाला चार अर्हता दिनांक आहेत : 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. त्या दिवशी अठरा पूर्ण हवीत. 1 एप्रिलला वाढदिवस असलेला एप्रिलमध्ये बसतो, 2 एप्रिलवाला जुलैमध्ये. म्हणून टेबलावर वय विचारू नका, जन्मतारीख विचारा.

उंबरठा
अर्ज भरला म्हणजे काम झालं असं समजून मोहिमा इथेच थांबतात, आणि नावं इथेच गळतात. अर्जानंतर बीएलओ (मतदान केंद्राच्या यादीचं काम बघणारे कर्मचारी) पत्त्यावर पडताळणीला येतात. दार बंद, शेजारी म्हणतात "इथे असा कोणी नाही", की अर्ज अडकला. होस्टेलमध्ये तर वॉचमनच हे उत्तर देतो. वॉर्डनकडे अर्जदारांची खोली क्रमांकासह यादी ठेवा आणि शिबिराच्या दिवशीच बीएलओंना बोलवा. तहसीलच्या निवडणूक शाखेत प्राचार्यांचं पत्र दिलं की बहुतेक वेळा कोणीतरी येतं.

हरकतींसाठी सात दिवस असतात, त्याआधी निर्णय होत नाही. तीन आठवड्यांनी प्रत्येकाला अर्जाची स्थिती बघायला लावा. नामंजूर झाला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील आहे. अडलं तर 1950 हा हेल्पलाइन नंबर.

सोळाआणे
म्हणजे निवडणूक जाहीर झाल्यावर शिबिर घेतलं तर उशीर होईल?

अर्हता_दिनांक
लोकसभा-विधानसभेला उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसापर्यंत नावं चढतात. पण पडताळणीचे दिवस वजा केले तर त्याच्या निदान दहा दिवस आधी अर्ज आत हवा. महापालिका-जिल्हा परिषदेला राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवतो आणि त्या दिवशीची यादी घेतो; त्यानंतर चढलेलं नाव त्या निवडणुकीला उपयोगाचं नाही. जून-जुलैत प्रवेश संपले की सुरू करा. आणि मतदानाच्या आठवड्यात खिशात कार्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका, यादीत नाव बघा. कार्ड आहे पण यादीत नाव नाही, तर मत देता येत नाही. नाव आहे पण कार्ड सापडत नाही, तर पासपोर्ट, आधार असं दुसरं ओळखपत्र चालतं.